सेक्स्टंटच्या वाचनात वारंवार फरक पडतो तेव्हा : डोळा, दुर्बीण आणि तपासणीचा क्रम

घड्याळ बरोबर आहे, गणित दोनदा तपासले आहे, तरीही सेक्स्टंटने, म्हणजे क्षितिजापासून सूर्य-ताऱ्यांची कोनात्मक उंची मोजणाऱ्या आरशांच्या यंत्राने, मोजलेल्या उंचीवरून काढलेली स्थितिरेषा (जिच्यावर आपण कुठेतरी असतो ती नकाशावरची रेषा) खऱ्या ठिकाणापासून दोन-तीन सागरी मैल दूर जाते, आणि हे एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा घडते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची यंत्रे मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. बहुतेकांनी येण्यापूर्वीच निदान केलेले असते : एक तर डोळे गेले, नाही तर दुर्बीण लहान पडते. क्वचित ते खरेही असते. मात्र जास्त शक्तीची दुर्बीण विकत घेणे हा या तपासणीतला शेवटचा नसला तरी बराच उशिरा येणारा उपाय आहे, आणि त्याआधीच्या पायऱ्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

लक्षणे अशी दिसतात. यांपैकी आपली कोणती, हे आधी लिहून ठेवावे, कारण पुढचा मार्ग त्यावर ठरतो.

• काही मिनिटांत लागोपाठ घेतलेली वाचने एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांत दोन-तीन कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पसारा दिसतो.
• वाचने आपसांत छान जुळतात, पण सगळीच्या सगळी एका बाजूला सरकलेली असतात.
• दुपारी सूर्याची उंची बरोबर येते, संधिप्रकाशात ताऱ्यांची बिघडते.
• सूर्याच्या खालच्या कडेची वाचने ठीक असतात, वरच्या कडेची मात्र नेहमी जास्त येतात.
• तारा बिंदूसारखा न दिसता रेघेसारखा, शेपटीसारखा किंवा फुललेला दिसतो.
• इंडेक्स एरर, म्हणजे कोन शून्य असतानाही यंत्र दाखवते ती चूक, दर वेळी वेगळी निघते.
• त्याच यंत्राने दुसऱ्या माणसाने घेतलेले वाचन ठरावीक फरकाने वेगळे येते.

उंचीतील एक कला म्हणजे स्थितिरेषेवर एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले की कोणत्या दोषामागे किती वेळ घालवावा हे ठरवता येते.

पसारा की सरकणे

पहिली तपासणी कागद-पेन्सिलीची आहे. एकाच ज्योतीची (सूर्य, तारा यांसारख्या आकाशस्थ गोलाची) सात ते नऊ वाचने पाच-सहा मिनिटांत घ्यावीत, प्रत्येकाची वेळ सेकंदापर्यंत नोंदवावी आणि आलेख कागदावर वेळेसमोर उंची मांडावी. ज्योती मध्यान्हवृत्ताजवळ, म्हणजे नेमकी उत्तरेला किंवा दक्षिणेला, नसेल तर हे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत पडायला हवेत. त्या रेषेचा उतारही आधी काढता येतो : ज्योती नेमकी पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना तिची उंची दर मिनिटाला १५ कला गुणिले अक्षांशाचा कोसाइन इतकी बदलते. विषुववृत्तावर हा वेग चार सेकंदांना एक कला इतका आहे, म्हणून वेळ सांगणाऱ्याने चार सेकंद उशीर केला तर एक मैल तिथेच गेला, आणि त्यात डोळ्याचा काहीच दोष नाही.

बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील तर तो पसारा. सरासरीने तो कमी होतो. नऊ वाचनांची सरासरी एका वाचनापेक्षा साधारण तिप्पट भरवशाची असते. बिंदू रेषेवर नीट बसलेले असूनही सगळी रेषाच अपेक्षित उंचीच्या वर किंवा खाली असेल तर ते सरकणे, आणि शंभर वाचने घेतली तरी सरासरीने ते हटत नाही. दुर्बिणीची शक्ती वाढवल्याने मुख्यतः पसाऱ्याचा एक भाग कमी होतो. सरकण्याचे मूळ बहुधा इंडेक्स एरर, सूर्याचे तेज कमी करणाऱ्या काळ्या काचा, क्षितिजाची डिप (डोळा पाण्यापासून उंच असल्याने क्षितिज जितके खाली दिसते तो कोन) किंवा माणसाची कडा टेकवण्याची सवय यांत असते. हा भेद न करता दुर्बीण बदलणारा माणूस अनेकदा जुनीच चूक जास्त स्पष्टपणे पाहत राहतो.

काचा पुसा, मग फोकस लावा

दोन्ही आरसे, दुर्बिणीचे वस्तुभिंग (पुढचे भिंग) आणि नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) मऊ, स्वच्छ कापडाने पुसून घ्याव्यात. समुद्रावर वाळलेल्या मिठाचा थर असेल तर तो आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने टिपून काढावा, कोरडा घासू नये, कारण मिठाच्या कणांनी काचेवर ओरखडे उठतात. आरशाच्या मागच्या मुलाम्याला हात लावू नये. मळलेल्या काचेमुळे कोन बदलत नाही, पण क्षितिजाचा उठाव, म्हणजे आकाश आणि पाणी यांतला उजेडाचा फरक, कमी होतो, आणि कडा कुठे संपते याचा डोळ्याचा निर्णय उठावावरच अवलंबून असतो.

फोकसकडे मात्र थांबून पाहायला हवे, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त प्रकरणे इथेच सुटतात. यंत्र एकाने वापरून दुसऱ्याच्या हाती दिले की फोकस पहिल्याच्या डोळ्याचा राहतो. तरुण डोळा त्याच्याशी जुळवून घेतो; डोळ्यातले स्नायू ताणून प्रतिमा स्पष्ट करून घेतो आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, पण पाच-सात वाचनांनंतर तो ताण सुटू लागतो आणि कडा पुसट होते. वाचनांचा पसारा मालिकेच्या शेवटी वाढत असेल तर हेच कारण आधी तपासावे. फोकस लावण्याची पद्धत अशी आहे : नेत्रिका पूर्ण बाहेर घ्यावी, क्षितिजाकडे किंवा ताऱ्याकडे पाहावे आणि नेत्रिका हळूहळू आत आणत जेव्हा प्रतिमा पहिल्यांदा पूर्ण स्पष्ट होईल तिथेच थांबावे. आणखी आत नेल्यावरही प्रतिमा स्पष्टच दिसेल, पण तो डोळ्याचा ताण असेल. त्या जागी नळीवर बारीक खूण करून ठेवावी.

ही खूण दिवसाची झाली. अंधुक प्रकाशात पुष्कळांचा डोळा थोडा लघुदृष्टीकडे झुकतो, कधी कधी जवळजवळ एक डायऑप्टरपर्यंत (चष्म्याच्या एका नंबराइतका), त्यामुळे दुपारी सूर्यासाठी लावलेला फोकस संधिप्रकाशात ताऱ्यासाठी चुकीचा ठरतो. सूर्य चांगला आणि तारे वाईट, हे लक्षण असेल तर संध्याकाळी पहिल्या तेजस्वी ताऱ्यावर फोकस पुन्हा लावावा आणि नळीवर दुसरी खूण करावी. त्याच वेळी ड्रम (कला दाखवणारी फिरती चकती) वाचायला पांढरा प्रखर दिवा वापरला जात नाही ना, हेही पाहावे. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका झोताने तो सराव मोडतो. मंद लाल दिवा पुरतो.

चष्मा घालून पाहावे की काढून

चष्म्याचा नंबर फक्त साधा असेल, म्हणजे लघुदृष्टी किंवा दीर्घदृष्टी असेल, तर चष्मा काढून दुर्बिणीच्या फोकसनेच तो भरून काढता येतो आणि तेच सोयीचे पडते, कारण डोळा नेत्रिकेच्या जवळ येतो आणि पूर्ण क्षेत्र दिसते. नंबर फार मोठा असेल तर फोकसची चाल अपुरी पडू शकते. सिलिंडर नंबर असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे : दृष्टिवैषम्य कोणत्याही फोकसने जात नाही. अशा डोळ्याला तारा रेघेसारखा दिसतो, आणि ती रेघ उभी असेल तर तारा क्षितिजाला नेमका केव्हा टेकला हे ठरवणेच अशक्य होते.

ही रेघ डोळ्याची की यंत्राची, हे ओळखायला पैसे लागत नाहीत. सेक्स्टंट स्थिर धरून फक्त मान तिरपी करावी. रेघ मानेबरोबर फिरली तर दोष डोळ्याचा. ती तशीच राहिली, पण दुर्बीण तिच्या कड्यात फिरवल्यावर फिरली, तर दोष दुर्बिणीचा. सरळ दिसणारा तारा बिंदूसारखा आणि आरशांतून आलेला तोच तारा ओढल्यासारखा दिसत असेल, तर दोष आरशांत आहे किंवा आरसा चौकटीत जास्त आवळला गेल्यामुळे वाकला आहे. डोळ्याचा दोष निघाल्यास चष्मा घालूनच पाहावे आणि नेत्रिकेचे रबर दुमडून डोळा शक्य तितका जवळ न्यावा; दोन डोळ्यांपैकी ज्यात सिलिंडर कमी आहे तो डोळा वापरण्याचा सराव करणे हा दुसरा आणि बरेचदा चांगला मार्ग.

चाळिशीचा संबंध क्षितिजाशी नसून ड्रमशी आहे. दूरचे उत्तम दिसते, पण हाताच्या अंतरावरच्या बारीक रेषा वाचताना एका रेषेची गल्लत होते, किंवा ड्रम तिरकस कोनातून वाचला जातो. त्याहून मोठी चूक संपूर्ण अंशाची असते. ड्रम ५८ किंवा ५९ कलांवर असताना आर्कवरचा, म्हणजे अंशांच्या खुणा असलेल्या कमानीवरचा, पुढचा अंश वाचला जातो. स्थितिरेषा जवळजवळ नेमके साठ मैल चुकली असेल तर दुसरे काही शोधू नये. वाचनासाठी एक साधे भिंग गळ्यात अडकवून ठेवावे.

हाताची पद्धत

ड्रम नेहमी एकाच दिशेने फिरवून स्पर्श साधावा. स्क्रू आणि दात्यांमध्ये थोडा खेळ असतोच. कधी वरून तर कधी खालून येणाऱ्याच्या वाचनात तो खेळ पसारा बनून दिसतो. किती खेळ आहे हे पाहायला इंडेक्स एरर दोन्ही दिशांनी घ्यावी. दोहोंतला फरक म्हणजे खेळ.

प्रत्येक वाचनात सेक्स्टंट डावी-उजवीकडे डुलवून प्रतिमेच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू क्षितिजाला टेकवायचा असतो. ४५ अंश उंचीला यंत्र उभ्या पातळीपासून दोनच अंश कलले तरी वाचन सुमारे दोन कला जास्त येते, आणि ही चूक नेहमी जास्तीच्याच बाजूला जाते. स्पर्श दुर्बिणीच्या क्षेत्राच्या मध्यावर व्हायला हवा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दृष्टिरेषा चौकटीच्या पातळीपासून एक अंश कलली, तर ६० अंशांच्या कोनात सुमारे ०.६ कला आणि ९० अंशांच्या कोनात सुमारे एक कला भर पडते, आणि कल दुप्पट झाला की चूक चौपट होते. कमी शक्तीच्या, विस्तृत क्षेत्राच्या दुर्बिणीत मध्यापासून भटकायला जागा जास्त असते. जास्त शक्तीची दुर्बीण अरुंद क्षेत्रामुळे ही चूक आपोआप आवरते. मोठ्या दुर्बिणीचा हा फायदा सहसा कोणी सांगत नाही, पण मोठ्या कोनांच्या मोजणीत तो खरा आहे.

लहान बोटीवर डोळ्याची उंची नक्की किती, हे पुन्हा मोजावे. डिप कलांमध्ये काढायची तर मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ गुणिले १.७६. दोन मीटरला ती २.५ कला आणि तीन मीटरला ३.० कला येते. लाटांवर बोट खाली असताना समोरची लाटच क्षितिज म्हणून धरली जाते, म्हणून बोट लाटेच्या माथ्यावर आली की स्पर्श घ्यावा.

सूर्याच्या व्यासाची कसोटी

डोळा आणि दुर्बीण या जोडीची एकत्र परीक्षा घेणारी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही, कारण तिला स्वतःचे ठिकाण, अचूक वेळ आणि क्षितिज यांपैकी काहीच लागत नाही. त्याआधी एक सूचना : दोन्ही आरशांच्या पुरेशा गडद काचा मध्ये आणल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवू नये. दृष्टिपटल भाजते तेव्हा दुखत नाही, आणि दुर्बीण जितकी मोठी तितका धोका मोठा.

सेक्स्टंट शून्याजवळ आणून सूर्याच्या दोन प्रतिमा कडेला कडा टेकवाव्यात, एकदा एका बाजूने आणि एकदा दुसऱ्या बाजूने. एक वाचन आर्कवर, म्हणजे शून्याच्या मुख्य बाजूला येते, दुसरे आर्कबाहेर, म्हणजे शून्याच्या पलीकडे. समजा आर्कवर ३३.८ कला आणि आर्कबाहेर ३०.६ कला आले. दोहोंतल्या फरकाचे अर्ध, म्हणजे १.६ कला, ही आर्कवरची इंडेक्स एरर. दोहोंची बेरीज ६४.४, तिचा चौथा भाग १६.१ कला, आणि ही सूर्याची त्रिज्या नॉटिकल अल्मनॅकमध्ये (सूर्य-ताऱ्यांच्या स्थानांच्या वार्षिक पुस्तकात) त्या दिवसासाठी दिलेल्या त्रिज्येशी जुळायला हवी. सूर्य खाली असताना अपवर्तनाने (हवेत किरण वाकल्याने) त्याची उभी उंची दबते, म्हणून तेव्हा सेक्स्टंट आडवा धरून आडवा व्यास मोजावा.

अशा पाच-सहा जोड्या घ्याव्यात. त्रिज्या दर वेळी वेगळी, कधी कमी कधी जास्त येत असेल, तर डोळ्याला कडा नीट दिसत नाही. फोकस, चष्मा आणि दुर्बिणीची शक्ती यांकडे जावे. त्रिज्या सातत्याने जास्त, समजा ०.३ किंवा ०.४ कलांनी जास्त येत असेल, तर एक तर प्रतिमांमध्ये बारीक फट ठेवूनच स्पर्श झाला असे मानण्याची सवय आहे, किंवा काच फिकी असल्याने तेजस्वी बिंब डोळ्याला फुगून दिसते आहे. एक पायरी गडद काच लावून पुन्हा मोजले की दोहोंतला भेद कळतो. त्रिज्या सातत्याने कमी येणारे लोक बिंबे एकमेकांत किंचित बुडवतात. ही वैयक्तिक चूक टिकाऊ असते आणि एकदा कळली की सवय दुरुस्त करता येते.

वरच्या कडेचे वाचन नेहमी जास्त, या लक्षणाचे मूळही याच फुगण्यात आहे. तेजस्वी सूर्य सर्व बाजूंनी फुगून दिसतो आणि उजळ आकाश गडद समुद्रावर थोडे उतरून क्षितिज खाली ढकलते. खालच्या कडेला हे दोन परिणाम एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात, वरच्या कडेला त्यांची बेरीज होते. पर्याय असेल तेव्हा खालची कडा घ्यावी; जास्त शक्तीच्या दुर्बिणीनेही हा परिणाम कमी होतो.

आता काळ्या काचा बदलून तीच कसोटी पुन्हा करावी. काचेच्या दोन बाजू समांतर नसतील तर ती किरण किंचित वळवते, आणि काचांच्या जोडीनुसार इंडेक्स एरर बदलते. दर वेळी वेगळी निघणारी इंडेक्स एरर पुष्कळदा याचीच खूण असते. नेत्रिकेवर बसणारी काच दोन्ही किरणांना सारखीच लागू होत असल्याने तिच्यामुळे ही चूक येत नाही. ती असेल तर पडताळ्यासाठी वापरावी.

दुर्बिणीची शक्ती : हिशेब करून मग खर्च

वरचे सगळे झाल्यावरही पसारा उरला, तर दुर्बिणीकडे यावे. ६/६ दृष्टीचा डोळा साधारण एक कला अंतरावरच्या दोन गोष्टी वेगळ्या पाहतो. चौपट दुर्बिणीतून ही मर्यादा १५ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) येते, सातपटीतून सुमारे ९ विकलांवर. मायक्रोमीटर ड्रम ०.१ किंवा ०.२ कला, म्हणजे ६ किंवा १२ विकला वाचतो, त्यामुळे सातपटीच्या पुढे जाऊन मिळवलेली सूक्ष्मता ड्रमवर उतरतच नाही. ६/१२ दृष्टीचा डोळा दोन कला वेगळ्या पाहतो. सातपट दुर्बिणीतून तो सुमारे १७ विकलांपर्यंत येतो, म्हणजे चांगल्या डोळ्याला चौपट दुर्बीण जे देते जवळजवळ तेच अधू डोळ्याला सातपट देते. दृष्टी थोडी कमी झालेल्यांनी सेक्स्टंट ठेवून देण्याची गरज नाही, हे मी या हिशेबाच्या आधारावर ठामपणे सांगतो.

कडा कडेला जुळवण्यात डोळा या मर्यादेपेक्षाही चांगले काम करतो, कारण दोन बिंदू वेगळे ओळखणे आणि दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत हे ओळखणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसऱ्यात डोळा काही विकलांपर्यंत पोहोचतो. सतराव्या शतकात डान्झिगच्या (आताचे पोलंडमधले ग्दान्स्क) खगोलशास्त्रज्ञ योहानेस हेवेलियसने दुर्बीण न जोडलेल्या यंत्रांनी तारे मोजले, तेव्हा इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने डोळ्याच्या मर्यादेवर बोट ठेवून त्याच्यावर टीका केली होती. १६७९ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली डान्झिगला जाऊन हेवेलियसच्या शेजारी बसून मोजू लागला आणि उघड्या डोळ्याची ती वाचने इतकी एकसारखी येतात हे पाहून प्रभावित झाला. सरावलेला डोळा आणि पक्की पद्धत यांनी शक्तीची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

दुसरी बाजू हाताची आहे. दुर्बीण कडेबरोबर हाताची थरथर आणि बोटीचे हेलकावेही तितक्याच पटींनी मोठे करते. लहान बोटीवर तीन ते चार पटींची, मोठ्या काचेची दुर्बीण सातपटीपेक्षा कमी पसारा देते. मोठ्या जहाजावरून किंवा जमिनीवरून सहा-सात पटींची उजवी ठरते. चंद्रांतर, म्हणजे चंद्र आणि सूर्य किंवा तारा यांतला कोन, मोजून रेखांश काढणाऱ्यांना जास्त शक्ती खरोखर लागते, कारण तिथे कोनातली एक कला रेखांशात सुमारे तीस कला होऊन बाहेर पडते. संधिप्रकाशासाठी वस्तुभिंगाचा व्यास भागिले शक्ती हा आकडा पाहावा : ७×३५ च्या प्रिझम दुर्बिणीतून पाच मिलिमीटरचा प्रकाशझोत बाहेर येतो, ८×३० मधून पावणेचार. अंधारात बाहुली पाच मिलिमीटर किंवा अधिक उघडते, त्यामुळे ८×३० मध्ये क्षितिज लवकर हरवते. खरेदीपूर्वी कोणाची तरी दुर्बीण मागून सूर्याच्या व्यासाची कसोटी दोन्ही दुर्बिणींनी करावी; पसारा घटला नाही तर पैसे वाचले.

आणि क्षितिजच धुरकट असेल, किंवा थंड पाण्यावर उबदार हवा असल्याने अपवर्तन बिघडून डिप एखाद्या कलेने किंवा जास्तच बदललेली असेल, तर कोणतीही दुर्बीण उपयोगाची नाही.

आरसे, आणि कुठे थांबायचे

इंडेक्स आरसा चौकटीला काटकोनात आहे का, हे आर्क ३५ अंशांच्या आसपास ठेवून पाहता येते : आरशातला आर्क आणि सरळ दिसणारा आर्क अखंड दिसायला हवेत. तो आधी लावावा, मग दुसऱ्या आरशाचे दोन स्क्रू आलटून पालटून, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवत. इंडेक्स एरर तीनेक कलांच्या आत आणि स्थिर असेल तर ती न हलवता गणितात धरणेच शहाणपणाचे. वारंवार फिरवलेला स्क्रू सैल होतो.

दुर्बिणीचा अक्ष तपासायला यंत्र टेबलावर आडवे ठेवून सहा मीटरवरच्या भिंतीवर चौकटीच्या पातळीत खूण करावी आणि दुर्बिणीच्या अक्षाची उंची तिच्यात मिळवावी. क्षेत्राचा मध्य त्या खुणेपासून दहा सेंटिमीटर वर-खाली असेल तर अक्ष सुमारे एक अंश कललेला आहे. दुर्बिणीच्या कड्याला समायोजनाचे स्क्रू नसतील तर ते वाकवून सरळ करू नये.

स्क्रू अडकला असेल, आरशाचा मुलामा कडेने काळवंडला असेल, ड्रमचा खेळ वाढत चालला असेल, प्रिझम दुर्बिणीच्या आत बुरशी दिसत असेल किंवा यंत्र कधी पडले असेल, तर हात थांबवून ते सेक्स्टंट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्यावे. चूक लहान कोनांत नसते आणि मोठ्या कोनांत वाढत जाते असे आढळले, तर दोष आर्कच्या केंद्रात असू शकतो; तो घरी दुरुस्त होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतून कोनवार चुकांचे नवे प्रमाणपत्र करून घ्यावे लागते.

डोळ्याच्या बाबतीत मर्यादा याहून कडक आहे. दिव्यांभोवती वलये दिसणे, प्रखर प्रकाशात दृष्टी धुरकट होणे आणि चष्मा बदलूनही कडा स्पष्ट न होणे हे मोतीबिंदूचे लक्षण असू शकते. यात मोठ्या शक्तीची दुर्बीण फारशी मदत करत नाही, कारण कमी पडतो तो उठाव, आकार नव्हे. नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्यावी. सूर्याचे वाचन घेतल्यानंतर नजरेच्या मध्यभागी काळा किंवा पिवळसर डाग उरला, क्षितिजाची सरळ रेषा वाकडी दिसू लागली, अचानक ठिपके तरंगू लागले, प्रकाशाचे चमकारे दिसले किंवा एका डोळ्याची नजर एकाएकी कमी झाली, तर यंत्राची तपासणी पुढे ढकलून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि डोळा तपासून होईपर्यंत सूर्याची वाचने पूर्ण बंद ठेवावीत.